समान स्पर्धेचे माप कोणते?
अमेरिकेतील शालेय क्रीडास्पर्धांच्या वर्गवारीचा अभ्यास

शालेय क्रीडास्पर्धा भरविणाऱ्यांना मैदान आखण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो. कोणी कोणाशी खेळावयाचे, हा तो निर्णय होय. आपल्याकडे त्याचे उत्तर मुख्यतः वयाच्या आधारे दिले जाते. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट केले जातात, मुलगे व मुली यांच्या स्पर्धा वेगळ्या होतात, कुस्तीसारख्या खेळात वजनगट पाडले जातात. शाळा केवढी आहे, ती कोण चालविते आणि तिच्यात मुले कोठून येतात, या गोष्टींवरून तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्पर्धेत गट पडत नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र नेमक्या याच तीन गोष्टींवरून गेली कित्येक दशके वाद चालू आहे. त्यावर मतदाने झाली, नियम बदलले, परत फिरविले गेले आणि एक प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विषय परदेशातील असला तरी समान स्पर्धा म्हणजे काय, याचा विचार तेथे अगदी अपूर्णांकांपर्यंत झालेला असल्यामुळे आपल्या शिक्षकांनी आणि क्रीडास्पर्धांशी संबंध येणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो समजून घेण्याजोगा आहे.

पटसंख्येचे माप

अमेरिकेत माध्यमिक शाळांचे खेळ राज्याराज्यांच्या स्वतंत्र संघटना चालवितात. या संघटनांचा राष्ट्रीय महासंघ 1920 मध्ये स्थापन झाला आणि पन्नास राज्यांबरोबर राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्याची संघटनाही त्यात सामील आहे. 2023-24 या वर्षात या स्पर्धांमधील सहभागाची नोंद 80 लाखांवर गेली. एखादा विद्यार्थी दोन खेळ खेळत असेल तर तो या नोंदीत दोनदा येतो, हे ध्यानात घेऊनही हा आकडा मोठाच म्हटला पाहिजे. संघटनेच्या सभासद असतात त्या शाळा, आणि अनेक राज्यांत नियम बदलावयाचा तर या सभासद शाळांचेच मत घेतले जाते.

या संघटनांनी वर्गवारीसाठी प्रथमपासून जे माप वापरले ते पटसंख्येचे. नववी ते बारावी या चार इयत्तांत किती विद्यार्थी आहेत ते मोजावे, त्या क्रमाने राज्यातील शाळा मांडाव्यात आणि त्यांचे चार, पाच किंवा सहा वर्ग पाडावेत, अशी ही सरळ रीत आहे. तिच्यामागील तर्कही सरळ आहे. दोन हजार विद्यार्थ्यांतून अकरा खेळाडू निवडणाऱ्या शाळेला दोनशेंतून अकरा निवडणाऱ्या शाळेपेक्षा अधिक वाव असतो. शिवाय अमेरिकन फुटबॉल हा अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्यात लहान शाळेच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मोठ्या शाळेच्या निवडक, धिप्पाड मुलांपुढे उभे करणे म्हणजे केवळ पराभव पत्करणे नव्हे, तर दुखापतीचा धोका पत्करणे होय. जेथे अकरा खेळाडूही जमत नाहीत अशा शाळांसाठी 1934 मध्ये नेब्रास्का राज्यात सहा-सहा खेळाडूंचा फुटबॉल सुरू झाला. टेक्ससच्या ग्रामीण भागात तो आजही आवडीने खेळला जातो.

इंडियाना हे राज्य या बाबतीत दीर्घकाळ वेगळे राहिले. तेथे बास्केटबॉलची राज्य स्पर्धा सर्व शाळांसाठी एकच असे. 1954 मध्ये या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मायलन नावाच्या लहानशा गावातील शाळेने मन्सी सेंट्रल या सुमारे दहापट मोठ्या शाळेचा 32 विरुद्ध 30 गुणांनी पराभव केला. मायलनच्या शाळेचा पट होता अवघा 161. शेवटचा चेंडू बॉबी प्लम्प या विद्यार्थ्याने सामना संपता संपता टाकला. या घटनेच्या आधारे 1986 मध्ये ‘हूजियर्स’ हा चित्रपट निघाला आणि तो फार लोकप्रिय झाला. लहान शाळेने मोठ्या शाळेस हरविल्याची ही कथा इंडियानातील लोक अजूनही अभिमानाने सांगतात. तथापि, पुढे 1997 पर्यंत एवढ्या लहान शाळेला ते विजेतेपद पुन्हा मिळाले नाही, ही गोष्ट त्या कथेत सहसा सांगितली जात नाही. अखेर 1997-98 च्या हंगामापासून इंडियानाने पटसंख्येनुसार चार वर्ग केले. जुन्या प्रेक्षकांना ते रुचले नाही. लहान शाळांच्या मुलांना मात्र राज्य पातळीवर पोहोचण्याची संधी त्यानंतर नियमाने मिळू लागली.

खाजगी शाळांचा प्रश्न

पटसंख्येचे माप एका गृहीतकावर उभे आहे. शाळा आपल्या ठरलेल्या हद्दीतील मुले घेते, जशी येतील तशी घेते, हे ते गृहीतक. अमेरिकेतील सार्वजनिक शाळेबाबत ते पुष्कळ अंशी खरे असते. शाळा-जिल्ह्याच्या सीमा आखलेल्या असतात आणि त्या सीमेत राहणाऱ्या मुलाचा त्या शाळेवर हक्क असतो. खाजगी शाळेला अशी सीमा नसते. ती फी घेते, प्रवेश द्यावयाचा की नाही हे स्वतः ठरविते, आणि तीस-चाळीस मैलांवरूनही मुले तेथे येऊ शकतात. या शाळांपैकी पुष्कळ शाळा कॅथलिक व अन्य धार्मिक संस्थांच्या आहेत. येथे एक खुलासा अवश्य आहे. आपल्याकडे ‘खाजगी शाळा’ म्हटले की संस्थेने चालविलेली, पण शासनाच्या वेतन अनुदानावर उभी असलेली शाळाही त्यात येते. ग्रामीण भागातील बहुसंख्य माध्यमिक शाळा याच प्रकारच्या आहेत. अमेरिकेतील खाजगी शाळा ही त्या अर्थाची नव्हे.

अनेक राज्यांत असे दिसून आले की, सभासद शाळांत खाजगी शाळांचे प्रमाण थोडे असूनही राज्य विजेतेपदांत त्यांचा वाटा त्या प्रमाणाच्या मानाने पुष्कळच मोठा आहे. पाचशे मुलांची सार्वजनिक शाळा आणि पाचशे मुलांची खाजगी शाळा एकाच वर्गात बसतात. परंतु पहिल्या पाचशेंत अपंग मुले आहेत, शाळा सुटल्यावर कामाला जाणारी मुले आहेत, वर्षाच्या मध्येच गाव सोडून जाणारी मुले आहेत. दुसऱ्या पाचशेंतील बहुतेकांचे पालक फी भरू शकतात, मुलाला सरावाला पोहोचवू आणि आणू शकतात. त्यांतील काही मुले तर त्या शाळेचा संघ चांगला म्हणूनच तेथे आलेली असतात. म्हणजे पट सारखा असला तरी त्यातून संघासाठी उपलब्ध होणारे मनुष्यबळ सारखे नसते.

याला निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. सर्वांत सोपे उत्तर म्हणजे दोन्ही प्रकारच्या शाळा वेगळ्या करणे. टेक्ससमध्ये विद्यापीठाच्या आश्रयाने वाढलेली मोठी संघटना काही अपवाद वगळता सार्वजनिक शाळांपुरती राहिली, तर खाजगी शाळांनी आपली स्वतंत्र संघटना चालविली. व्हर्जिनिया आणि मेरीलँड या राज्यांतही साधारण असेच घडले. याच्या उलट पेनसिल्व्हेनियात 1972 च्या कायद्याने खाजगी शाळांना सार्वजनिक शाळांच्या संघटनेत प्रवेश मिळवून दिला आणि तेव्हापासून त्यांना पुन्हा वेगळे करावे की काय, यावर तेथे वाद चालू आहे. वेगळे केल्याने तक्रार मिटते, हे खरे. परंतु एकाच गावातील दोन शाळांची मुले मग राज्य स्पर्धेत कधीच समोरासमोर येत नाहीत आणि राज्याला एकाच खेळाचे दोन ‘राज्य विजेते’ लाभतात.

गुणकाची आकडेमोड

ज्या राज्यांना शाळा एकत्र ठेवावयाच्या होत्या, त्यांनी गुणकाचा मार्ग काढला. खाजगी शाळेचा पट एका ठरावीक संख्येने गुणावा आणि येणाऱ्या आकड्याप्रमाणे तिचा वर्ग ठरवावा, अशी ही पद्धत. मिसुरी राज्याने 2002 मध्ये 1.35 हा गुणक स्वीकारला. अलाबामानेही हाच आकडा घेतला होता. इलिनॉयने 2005 मध्ये 1.65 हा गुणक लावला. उदाहरणार्थ, सहाशे मुलांची खाजगी शाळा इलिनॉयच्या हिशेबाने 990 मुलांची ठरते आणि साहजिकच वरच्या वर्गात जाते. केवळ मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या शाळेचा पट अनेक राज्यांत आधीच दुप्पट धरला जातो. अशा शाळेला वर गुणकही लागला तर तिचा कागदावरील पट प्रत्यक्षाच्या तिपटीच्याही वर जाऊ शकतो.

इलिनॉयच्या नियमातील एक शब्दयोजना विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे गुणक ‘खाजगी’ शाळांना लावलेला नाही, तर ‘ज्यांना हद्द नाही’ अशा शाळांना लावलेला आहे. त्यामुळे संपूर्ण शहरातून मुले घेणारी विशेष सार्वजनिक शाळाही त्या नियमात सापडते. मालकीपेक्षा प्रवेशाची रीत महत्त्वाची आहे, हे येथे प्रथमच नियमाच्या भाषेत आलेले दिसते.

गुणकाचा दोष असा की, तो बलवान आणि दुबळा असा भेद करीत नाही. एखादी चर्चची तीनशे मुलांची शाळा घ्या. तिला ना प्रशिक्षक, ना स्वतःचे मैदान. तिने जिल्ह्याचा सामनाही कधी जिंकलेला नाही. तिचा पट 1.35 ने गुणला की ती 405 मुलांची ठरते आणि आधीच हरणारा संघ आणखी मोठ्या शाळांपुढे उभा केला जातो. दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिसले की हिशेब अचूक असल्याचा भास होतो. परंतु कोणत्याही एका शाळेच्या परिस्थितीशी त्या आकड्याचा संबंध असतोच असे नाही. इलिनॉयला पुढे यश न मिळालेल्या शाळांना गुणकातून सूट देण्याची तरतूद करावी लागली, आणि मिसुरीने 2020 मध्ये गुणक सोडून देऊन खाजगी शाळांसाठी यशावर आधारलेली पद्धत घेतली.

यशाचे गुण

यशावर आधारलेली पद्धत इंडियानाने 2012 मध्ये स्वीकारली होती, आणि तीही सार्वजनिक व खाजगी असा कोणताही भेद न करता. जो संघ जिंकेल तो वर जाईल, एवढेच तिचे सूत्र. स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातील विजेतेपदास 1 गुण, दुसऱ्या टप्प्यास 2, तिसऱ्यास 3 आणि राज्य विजेतेपदास 4 गुण दिले गेले. संघ ज्या टप्प्यापर्यंत पोहोचला त्याचेच गुण धरावयाचे. दोन वर्षांत 6 गुण झाले की तो संघ एक वर्ग वर. एखाद्या शाळेने पहिल्या वर्षी राज्य विजेतेपद मिळविले आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टप्प्यापर्यंत मजल मारली, तर चार आणि दोन मिळून सहा होतात. वर जातो तो त्या खेळातील संघ, सबंध शाळा नव्हे. त्यामुळे बास्केटबॉलमध्ये बलवान असलेल्या शाळेचा दुसऱ्या खेळाचा संघ विनाकारण वर ढकलला जात नाही.

या पद्धतीवर प्रशिक्षकांचा आक्षेप असा की, गुण मिळविणारी मुले बारावी होऊन निघून जातात आणि वरच्या वर्गात खेळावे लागते ते त्यांच्या मागून आलेल्या मुलांना. लहान गावात एखादी चांगली तुकडी दहा-पंधरा वर्षांतून एकदा निघते. तिने जिंकले म्हणून पुढच्या तुकडीला भार सोसावा लागतो. शाळेच्या दृष्टीने दोन वर्षे म्हणजे थोडा काळ असेल; विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती त्याच्या चार वर्षांच्या क्रीडाजीवनातील निम्मी वर्षे होत.

टेनेसीचा खटला

टेनेसी राज्याने 1997 मध्ये वेगळीच रेषा आखली. विद्यार्थ्यांना आर्थिक साहाय्य देणाऱ्या खाजगी शाळा एका विभागात आणि असे साहाय्य न देणाऱ्या खाजगी शाळा सार्वजनिक शाळांबरोबर दुसऱ्या विभागात, अशी ती विभागणी होती. फी माफ करून चांगला खेळाडू आणता येतो, हे त्यामागील कारण उघड आहे. याच वर्षी तेथील ब्रेंटवुड अकॅडमी या शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने प्रवेश घेतलेल्या, परंतु अद्याप शाळेत दाखल न झालेल्या आठवीच्या मुलांना सरावास येण्यासाठी पत्रे पाठविली. संघटनेच्या नियमाप्रमाणे हा खेळाडू ओढण्याचा प्रयत्न ठरला. शाळेस 3,000 डॉलर दंड झाला, चार वर्षे देखरेखीखाली ठेवण्यात आले आणि फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉलच्या बाद फेऱ्यांतून दोन वर्षे वगळण्यात आले. शाळा न्यायालयात गेली.

प्रश्न असा उपस्थित झाला की, ही संघटना खाजगी मंडळ समजावयाची की शासनाचे अंग? संघटनेच्या सभासदांत 290 सार्वजनिक आणि 55 खाजगी शाळा होत्या. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, सार्वजनिक शाळांनी आपल्या अधिकाऱ्यांमार्फत चालविलेली ही संघटना शासनाप्रमाणेच राज्यघटनेला बांधलेली आहे. मूळ वाद त्यानंतरही चालू राहिला आणि 2007 मध्ये न्यायालयाने निकाल संघटनेच्या बाजूने दिला. सभासदत्व स्वेच्छेने घेतलेल्या शाळेने लहान मुलांना खेळासाठी ओढण्याविरुद्धचा नियम पाळलाच पाहिजे आणि त्यामुळे भाषणस्वातंत्र्याचा भंग होत नाही, असा त्याचा आशय आहे. आठवीतील मुलांना पाठविलेल्या एका पत्रावरून दहा वर्षे खटला चालला, यावरून या विषयात लोकांच्या भावना किती गुंतलेल्या असतात याची कल्पना येईल. पुढे विद्यापीठात मिळणारी क्रीडा शिष्यवृत्ती ही अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मुलाच्या उच्च शिक्षणाची किल्ली असते, हेही विसरून चालणार नाही.

ओहायो आणि मिनेसोटा

प्रस्तुत लेखकास अधिक विचारपूर्ण वाटतात ते ओहायो आणि मिनेसोटा या राज्यांचे नियम. ओहायोतील सभासद शाळांनी 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षे समतोल स्पर्धेचे प्रस्ताव मतदानात फेटाळले. 2014 मध्ये सुधारित प्रस्ताव 411 विरुद्ध 323 मतांनी संमत झाला आणि 2017-18 पासून अमलात आला. या नियमात शाळेचा पट सरसकट गुणला जात नाही. प्रत्यक्ष संघात असलेला प्रत्येक विद्यार्थी कोठून आला ते पाहिले जाते. सार्वजनिक शाळेच्या संघातील मुलाचे पालक शाळा-जिल्ह्याबाहेर राहत असतील, किंवा खाजगी शाळेच्या संघातील मूल सातवीपासून तिच्याच संलग्न शाळांतून आलेले नसेल, तर त्या मुलामागे शाळेच्या पटात ठरावीक भर घातली जाते. समजा ही भर पाचाची आहे आणि तीनशे पट असलेल्या शाळेच्या संघात अशी दहा मुले आहेत. तर त्या खेळापुरता शाळेचा पट साडेतीनशे धरावयाचा. भर खेळागणिक बदलते. फुटबॉलसारख्या मोठ्या संघाच्या खेळात ती कमी आणि बास्केटबॉलमध्ये जास्त असते, कारण पाचांच्या संघात बाहेरून आलेला एक खेळाडूही सामन्याचा रंग पालटू शकतो. दुबळी खाजगी शाळा या नियमात विनाकारण भरडली जात नाही आणि बाहेरची मुले गोळा करणारी सार्वजनिक शाळाही सुटत नाही. याची किंमत म्हणजे कागदपत्रांचे काम. दरवर्षी प्रत्येक संघाची यादी तपासावी लागते आणि तो भार शाळांच्या कार्यालयांवर पडतो.

मिनेसोटाने प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला. मोठ्यांचा पट वाढविण्याऐवजी गरिबांचा कमी केला. शाळेतील भोजनात मोफत किंवा सवलतीचा लाभ मिळण्यास पात्र असलेल्या मुलांच्या संख्येपैकी 40 टक्के संख्या पटातून वजा करण्याची पद्धत तेथील संघटनेने घेतली. हजार मुलांच्या शाळेत अशी तीनशे मुले असतील तर 120 वजा जाऊन पट 880 धरला जातो. गरीब घरातील मूल शाळेच्या पटावर असते, पण मैदानावर सहसा नसते. शाळेनंतर त्याला काम करावे लागते, लहान भावंडे सांभाळावी लागतात आणि काही ठिकाणी संघात खेळण्यासाठी आकारली जाणारी फी त्याला परवडत नाही. या साध्या निरीक्षणावर हा नियम आधारलेला आहे. खाजगी शाळेचा उल्लेखही न करता तो तिला तिच्या योग्य वर्गाच्या जवळ नेतो, कारण तिच्या पटातून वजा करण्याजोगे फारसे काही नसते.

आपल्या तालुक्यापुरते

हे नियम आपल्याकडे जसेच्या तसे आणता येणार नाहीत आणि आणण्याची आवश्यकताही नाही. आपली वयोगटांची पद्धत राष्ट्रीय स्पर्धांशी जोडलेली आहे. राष्ट्रीय शालेय स्पर्धांत राज्यांच्या बरोबरीने केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये, विद्या भारती यांसारख्या संस्थांचे संघ स्वतंत्रपणे उतरत आले आहेत. म्हणजे व्यवस्थापनानुसार संघ वेगळे धरण्याची कल्पना आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

मात्र ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ या नावांवरून काही ठरवू गेल्यास आपल्याकडे अमेरिकेपेक्षाही मोठी फसगत होईल. शिवछत्रपती क्रीडापीठाच्या क्रीडा प्रबोधिनी शासनाच्या आहेत आणि तेथे मुलांची निवड खेळाच्या चाचण्या घेऊन होते. आश्रमशाळेतील मुले गरीब घरची असतात, पण ती निवासी असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ सरावाला हजर असतात. याउलट सायंकाळची शेवटची एस. टी. पकडण्यासाठी सरावाविना घरी परतणारी मुले पुष्कळदा संस्थेच्या अनुदानित, म्हणजे नावाने ‘खाजगी’, शाळेतील असतात. शहरातील विनाअनुदानित शाळेत मैदान आणि पूर्णवेळ प्रशिक्षक असू शकतो. तसा तो नसलेल्या शाळाही पुष्कळ आहेत. अमेरिकेत दोन-तीन दशकांच्या खटाटोपानंतर जी विचारणा पुढे आली, ती येथे अधिक उपयोगी पडेल. मुले कोणत्या परिसरातून येतात, ती निवडून घेतलेली आहेत की आपोआप आलेली आहेत, आणि शाळा सुटल्यावर मैदानावर किती वेळ थांबू शकतात, ही ती विचारणा होय.

तालुका पातळीवर यासाठी नवीन नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेचा पट दरवर्षी यू-डायसच्या माहितीत भरला जातो. शाळा निवासी आहे किंवा नाही, हेही तेथे नोंदविलेले असते. गेल्या पाच वर्षांत तालुक्यातून जिल्ह्यास गेलेल्या कबड्डी, खो-खो आणि मैदानी खेळांच्या संघांची यादी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांपाशी मिळते. या दोन याद्या शेजारी शेजारी मांडून कोणत्या शाळा कधीच पुढे गेल्या नाहीत एवढे पाहण्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाला दोन दिवसही लागणार नाहीत.